हजाराव्या भागाची पाहुणी

(स्टुडिओतली मेकअपची खोली. गप्पांच्या कार्यक्रमाच्या हजाराव्या भागाचं चित्रीकरण नुकतंच संपलंय.)

मुलाखतकार : तेवढं कापून टाक म्हणतोय ना मी! माझी सख्खी बहीण सांगतेय, ‘मला दिसेनासं होत चाललंय.’ आणि मी काय म्हणालो? ‘वा! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!’

निर्माती : आणि लोकांनी वाजवल्या, सर.

मुलाखतकार : वाजवणारच! त्यांना बसवलंयच त्यासाठी. तू इयरफोनमधून कानात ओरडत होतीस, ‘जड होतंय, हसवा, ब्रेक घ्या.’ मी तिचं ऐकू की तुझं?

निर्माती : इतकी वर्षं माझंच ऐकलंत. तेव्हा नाही कधी तक्रार केलीत.

ताई : तिच्यावर कशाला डाफरतोस, बाळ्या? तोंड तुझंच होतं.

मुलाखतकार : ताई, तू तरी! एवढी मोठी गोष्ट घरी सांगायची सोडून थेट कॅमेऱ्यासमोर?

ताई : घरी कधी सापडतोस? सात वेळा फोन केला. ‘शूटिंग आहे, पुढच्या आठवड्यात बोलू.’ पाहुणी म्हणून यायला हो म्हटलं, तर सकाळी दारात गाडी हजर! म्हटलं, चला, तासभर समोर बसेल तरी.

मुलाखतकार : अगं, पण माझ्यामागे किती व्याप…

ताई : ठाऊक आहेत तुझे व्याप. परक्या बायका रडल्या की रुमाल पुढे करतोस. मी टीव्हीसमोर बसून शेजारणीला सांगायची, बघा किती मायाळू आहे आमचा बाळ्या! मेलं माझं कौतुक.

निर्माती : ताई, आपण तेवढंच परत घेऊया का? सेट अजून उभा आहे. तुम्ही पुन्हा सांगायचं, सर गहिवरतील.

मुलाखतकार : हो ताई, चालेल. पाच मिनिटांचं काम आहे.

ताई : पुन्हा सांगू? तुला गहिवरता यावं म्हणून?

मुलाखतकार : …नको. नको गं. काय बोलून गेलो मी! ए, तू जा बाहेर. हा भाग दाखवायचाच नाही.

निर्माती : सर, रविवारी लागायचाय! चॅनेलला काय सांगू?

मुलाखतकार : सांग, मला मुलाखत घेता येत नाही. जा म्हटलं ना!

ताई : झालं ओरडून? गेली बिचारी.

मुलाखतकार : वैताग आलाय नुसता. हजार जणांना प्रश्न विचारले, ताई. तुला काय विचारावं, तेच सुचत नाहीये.

ताई : मग नको विचारूस. खालपर्यंत हात धर. मला पायऱ्या दिसत नाहीत.