तिसऱ्या बाणाचं पीस

नगरच्या निवड चाचणीत माझा जीव कसा टांगणीला लागला होता, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. आमची पल्लवी तिरंदाजीला उतरली होती. बाण मी घरीच केलेले. प्रत्येक बाणाला तीन पिसं नीट चिकटावीत म्हणून एक साचाही मागवला होता, जिग म्हणतात त्याला.

नेमकं शेवटच्या फेरीआधी एका बाणाचं पीस निघालं. जादा बाण नव्हता. मी तिथंच बाण साच्यात बसवला आणि गोंद लावलेलं पीस साच्याच्या चिमट्यात दाबून धरलं. तेवढ्यात शिट्टी झाली. दोन मिनिटांत तीन बाण मारायचे. पल्लवी दोन मारून धावत आली.

"पप्पा, द्या लवकर!"

"थांब, वाळलं न्हाई अजून."

"येळ संपत आला, पप्पा!"

मी न बघताच बाण काढून दिला. तिनं रेषेवर जाऊन सोडला. काठावर का होईना, पण लागला, आणि पोरीची निवड झाली. मी खुशीत साचा उचलला, तर पीस चिमट्यातच! बाण दोनच पिसांवर गेला होता.

"पल्लवे, अगं, हे बघ..."

"मला दिसलं हुतं, पप्पा. बोलले असते, तर तुमी पुन्हा चिकटवत बसला असता."