घरची की बाहेरची

लोकशाहीवर एवढे भांडताय म्हणून सांगतो. अमेरिकेची फौज इराकात शिरली, तेव्हा मी डोंगरकड्याजवळच्या एका तांड्यावर मास्तर होतो. तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या ओसरीत आम्ही टीव्हीवर बातम्या बघत होतो. मी म्हणालो, “तिथं लोकशाही आणायला गेलेत म्हणे.”

नायक भडकला. “कुणाला इचारून? आमच्याकडं सोयरा आला तरी आधी नायकाच्या दारात थांबतो. बाहेरच्यानं आमाला काहून शिकवावं? आमी मतं मोजत न्हाई, गुरुजी. एक माणूस जरी नाराज असला, तरी आमची बैठक उठत न्हाई.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

त्याची सून चहा घेऊन आली होती. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी ती बाई पदराआडून म्हणाली, “मामा, त्या बैठकीत बाया कवा बसल्या?”

नायकानं टीव्ही बंद केला. “तू मधी बोलू नको. तू दुसऱ्या तांड्याची.”

ती हलली नाही.

“लेकरं मोठी झाली, मामा. मी ह्या तांड्याची कवा होणार? ते ठरवायला तरी मला बैठकीत बसू द्या.”