जुने ठिपके, नवी तबकडी

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेअकरा. एवढं आधी सांगून ठेवते. का, ते पुढे कळेल.

आता रीतीप्रमाणे. समारंभाचे अध्यक्ष आणि व्यापारी मंडळाचे प्रमुख श्री. भूपेश भोईर, घड्याळ कंपनीकडून आलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि या दालनाचे मालक निकोलस डाबरे, त्यांच्या पत्नी रीमा, आणि संध्याकाळच्या वेळी वसईच्या या एव्हरशाईन वस्तीत गाडी लावायला जागा शोधून इथे पोचलेल्या माझ्या सगळ्या बंधुभगिनींनो.

निकोलस माझ्या चित्रकलेच्या वर्गात केळीचं पान काढायला शिकला. आज त्याच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली याचा मला आनंद आहे, आणि हा आनंद खरा आहे. तो म्हणाला, "टीचर, बॅनरवरच्या या घड्याळाचं डिझाइन कसकसं बदलत गेलं, त्यावर दहा मिनिटं बोला. तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही." मी हो म्हटलं.

तर ऐका. हे घड्याळ पाणबुड्यांसाठी जन्मलं. काळी तबकडी, अंधारात चमकणारे गोल ठिपके, फुगीर प्लॅस्टिकची काच, आणि काचेभोवती फिरणारी कडी. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती वेळ गेला ते कळतं. पुढे चावीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना खांदे आले. मग तारखेची खिडकी. मग ओरखडा न पडणारी सपाट काच. कडी आधी दोन्ही बाजूंना फिरायची, ती एकाच बाजूला, टकटक करत फिरू लागली. कारण पाण्याखाली चुकून ती उलटी सरकली, तर हवा संपत आली तरी माणसाला अजून वेळ आहे असं वाटेल. आणि शेवटी कडीवर चिनी मातीसारखा पदार्थ आला, जो उन्हाने विटत नाही.

एवढं बदललं, तरी दहा पावलांवरून जुनं कुठलं नि नवं कुठलं ते सांगता येत नाही. चांगलं डिझाइन असंच वाढतं. प्रत्येक बदल कुणाच्या तरी हातासाठी झालेला असतो. पण ज्याच्या हातावर घड्याळ आहे, त्याला कुणी विचारायचं की नाही?

माझे यजमान हिलरी बोटीवर इंजिनिअर होते. १९७९ साली सिंगापुरात त्यांनी हे घड्याळ घेतलं. निळी कडी उन्हाने राखाडी झाली, पांढरे ठिपके तुपासारखे पिवळे झाले. निवृत्तीनंतर ते निर्मळच्या वाडीत केळी आणि सायली करतात. आमच्या विहिरीचं पाणी पाऊण तासाहून जास्त उपसलं की खारं होतं. म्हणून पंप सुरू केला की हिलरी कडी फिरवून ठेवायचे. मोबाइलवर गजर लावा, असं कुणी सुचवेल. इंजिनच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला पंपाशेजारी मोबाइल ऐकू येत नाही.

काचेत वाफ धरायला लागली, म्हणून घड्याळ सफाईला दिलं. सुरुवातीला सांगितलेल्या दिवशी, त्या वेळी, निकोलसने ते परत दिलं. नवी तबकडी, नवे काटे, सपाट काच, एकाच बाजूला फिरणारी घट्ट कडी.

"टीचर, तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली ना? माझ्याकडून भेट. एक रुपया घेणार नाही."

"आणि जुनं सामान?"

"कंपनीला परत जातं. वर्षअखेर मोडीत काढतात."

हिलरी भिडस्त. "छान झालंय हो," म्हणाले आणि घरी येऊन घड्याळ कपाटात ठेवलं. त्यांची बोटं आखडलेली, ही कडी त्यांना फिरत नाही. गेल्या आठवड्यात पंप चालू राहिला आणि सायलीचा एक वाफा खाऱ्या पाण्याने जळला. मी बोलले तर म्हणतात, "फ्लॉसी, पोराने प्रेमाने केलंय, गप्प बस." मनगटावर घड्याळाच्या जागी गोरा पट्टा दिसतो, त्यावरून दिवसभर अंगठा फिरवत असतात.

आता जरा त्या काचेच्या पेटीकडे पाहा. आज जिचं अनावरण झालं, ती विशेष आवृत्ती. तिचे ठिपके पिवळे दिसतात ना? ते कारखान्यात रंगवून पिवळे केलेत, जुन्यासारखे दिसावेत म्हणून. पाहुण्यांना माझा नम्र प्रश्न आहे. खरे पिवळे झालेले ठिपके तुम्ही मोडीत काढता आणि खोटे विकता, याला डिझाइनचा प्रवास म्हणायचं का?

निकोलस, तू काही म्हणालास?

"बघतो म्हटलं, टीचर. सामान अजून गेलंय की नाही, बघतो."

बाळा, 'बघतो' हे आपल्या वसईत नकाराचं सभ्य नाव आहे. तुझ्या मनात खोट नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तर घरी न भांडता इथे चारचौघांत बोलले. तुझी भेट मी सांभाळून परत करीन. आम्हाला आमची तबकडी, काटे आणि कडी हवी. काच नवी राहिली तरी चालेल.

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, चहा आणि पॅटिस गरम दिलंत, सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. घड्याळात जे कमी-जास्त झालं, ते मात्र पोटात घालता येणार नाही. जुने भाग कुठे आहेत आणि परत कधी बसवणार, याचं लेखी उत्तर, कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह, शनिवार २० डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत निर्मळला घरी पोचवावं. हिलरींच्या नावाने.