जड फोटो

"सून कडेले उभी शे, तिलेच कापा," सासूबाई आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या कानात कुजबुजल्या. मी पिंप्राळ्यातल्या सायबर कॅफेच्या दारात चपला काढत होते.

आमच्या लग्नाला येता न आलेल्या अमेरिकेतल्या दिरांना पूजेच्या दिवशीचा घरच्यांचा फोटो ईमेलने पाठवायचा होता. "फोटो फार जड आहे, जात नाही," असं कॅफेवाला म्हणाल्यापासून दोघं वजन उतरवायला माणसं शोधत होते. मामांना काढलं तर ते रुसणार, आत्याबाईंनी तर शालू खास घेतलेला.

"तिना संगे आपला पोऱ्याना हात बी जाई," आबा म्हणाले.

"एक हात गया तर गया."

सासरी आल्यापासून मी 'हो'च्या पलीकडे बोलले नव्हते.

"आई, तुम्हा सगळ्यांना भाऊजींनी पाहिलंय," मी म्हणाले. "मलाच तेवढं पाहायचं राहिलंय."