माझी पोर नळ्या धुणार न्हाई

(पिंपरीला औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या भागीरथीबाईंनी आमच्या संघटनेच्या कार्यकर्त्याला सांगितलं तसं. जे ऐकून आमचं रक्त तापलं, तिथंही आमचा शब्द घातलेला नाही.)

आमचं गाव चाकणच्या पल्याड. नाव लिहू नका, तिथं माझा म्हातारा बा अजून हाय, तुमी छापणार आन् त्याला कोण काय विचारंल, भ्या वाटतं. भ्या तर मला जन्मापास्नंच. काय सांगू तुमाला, आमच्या म्हारवाड्यात पोर चालाय लागलं की आधी शिकवायचं, विहिरीकडं जायचं न्हाई, आपली सावली कुठं पडती ते बघायचं, वरनं कुणी पाणी वतलं तर ओंजळ धरायची, भांड्याला बोट लावायचं न्हाई. मी ओंजळ अशी घट्ट धरायची की थेंब गळायचा न्हाई. तेवढंच एक शिक्षण मला झालं.

मग लगीन झालं. मालक रेल्वेच्या गँगवर, रुळाखाली खडी दाबायचं काम, म्हणून पिंपरीला आलो. कारखाना नवा निघाला तशा बाया पायजेत म्हणाले, मला बाटल्या धुवायला घेतलं. पहिल्या दिशी मी काचेला हातच लावंना. सुपरवायझर बाई म्हणाली, अगं धर की, चावती का काय? मी म्हणलं, बाई, मी अमक्या जातीची. ती म्हणाली, हात कोपरापस्तोर धुतलेस का? मग झालं तर. त्या बाईला मी अजून मनात हात जोडते, दादा. इंजेक्शनच्या बाटल्या त्या, तीन पाण्यानं धुवायच्या आन् चौथं पाणी वाफेचं, म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं, त्यात मीठ न्हाई, चुना न्हाई, काय बी न्हाई. आत फडकं घालायचं न्हाई. उजेडाला धरून बघायची. काच निर्मळ असली की पाणी चादरीवानी सरळ उतरतं, मळ असला की थेंब धरून बसतं. ह्या हातानं धुतलेल्या बाटलीतलं औषध पाटलाच्या अंगात जातं, बामणाच्या जातं, तवा कोण विचारत न्हाई बाटली कुणी धुतली. हे तुमचंच बोलणं, मागच्या मिटिंगीतलं, पण खरं हाय.

कौशी माझी थोरली, नववीत. हायस्कुलात आमच्या वस्तीतली एकटीच. वर्गात बसू देत्यात, कायदा हाय ना आता. पण शास्त्राचा तास निराळ्या खोलीत, तिथं टेबल, काचंच्या नळ्या, आन् कोपऱ्यात पोरांच्या प्यायच्या पाण्याचा माठ. माठ हाय म्हणून हिनं आत यायचं न्हाई. पोरींनी शिवणाला जायचं म्हणाले, तर शिवणाच्या बाई म्हणाल्या, माझ्या मशिनला हिचा हात नको. मग ही शास्त्राच्या दारात उभी. सबंध चार महिने उंबऱ्याभाईरनं शिकली. घरी येऊन मला नळीतलं सांगायची, मी तिला बाटलीतलं. मालक म्हणायचे, दोन दोन डाक्टरणी झाल्या घरात, आता भाकरी कोण थापणार?

पण नुसतं बघून भागत न्हाई. हातानं प्रयोग करायचा, वहीत लिहायचा, सरांनी सही करायची. वही न्हाई तर पुढं शास्त्र न्हाई, आन् हिच्या डोक्यात तर तेच.

दिवाळीच्या आधी सरांनी दोन नळ्या घेतल्या. एकीत मिठाचं पाणी, एकीत शुद्ध. दोन्हीत कसल्याशा औषधाचे थेंब टाकले. मिठाचं तेवढं दुधावानी व्हायला पायजे, तर दोन्ही झाली. परत केलं, परत तेच. पोरं खिदळाय लागली. तर ही दारातनं म्हणती, सर, नळ्या विहिरीच्या पाण्यानं धुतल्यात, त्यातलं मीठ आत ऱ्हायलंय, थेंब धरलेत बघा, वाफेच्या पाण्यानं खळबळून घ्या. सरांचं तोंड लालभडक. म्हणाले, उद्या आईला घेऊन ये.

मी म्हणलं, नाव कापलं पोरीचं. दुसऱ्या दिशी गेले, चपला फाटकापाशी काढल्या, अंगणात उभी ऱ्हायले. हेडमास्तर आन् सर वट्यावर. हेडमास्तर म्हणाले, तुमची मुलगी... आन् मी पुढचं ऐकलंच न्हाई. खाली वाकले. सायेब, पोर चुकली, नाव कापू नका, ती नळ्या धुवील, रोज धुवील, फुकट धुवील. ते दोघं एकमेकांकडं बघाय लागले. हेडमास्तर म्हणाले, बरं, तसं करू.

मागनं सरांनीच कौशीला सांगितलं, अगं, तुला टेबलाशी घेऊ म्हणून सांगायला बोलावलं होतं, तुझ्या आईनंच भलतं मागितलं. तुमी रागावता, दादा, की सरांचं तोंड काय शिवलं होतं का? व्हय, पण त्यांना बी नोकरी हाय, ते बी भित्यात.

तवापास्नं कौशी शाळा भरायच्या आधी जाती, भाईरच्या दगडावर बसून नळ्या धुती. आता प्रयोग बराबर येतो. पोरं करत्यात, ही दारातच. तिनं धुतलेल्या नळ्या आत चालत्यात. मला येवढंच म्हणाली, आये, त्यांनी तोंड उघडायच्या आत तू वाकलीस.

आन् आज ती धुवायला गेलीच न्हाई. म्हणजे आता मला जायलाच पायजे, न्हाईतर खरंच नाव कापत्याल. उद्या शिफ्टच्या आधी जाणार, माझा शब्द परत घेणार. तुमी संगट येऊ म्हणता, पत्रक काढू म्हणता. नका. फाटकाभाईर उभं ऱ्हावा, मी पडले तर उचलाय या. भाकरी थापताना म्हणून बघते, सायेब, माझी पोर नळ्या धुणार न्हाई, टेबलाशी उभी ऱ्हाईल, प्रयोग झाला की आपली नळी आपण धुवील, बाकीच्या पोरांवानी. दर बारीला न्हाई म्हणताना आवाज बसतो.

चपला मातुर काढणार न्हाई. आन् देव तिला माझे हात देवो, नजर देवो, हे भ्या तेवढं माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे, माझ्यासंगं जाऊ दे.