भुणभुण करणारा द्या

नाही, हा नको. हा फारच गप्प आहे. मघाशी पहिला लावला होतात ना, भुणभुण करणारा — तोच परत लावा रोहिदासभाऊ, तोच बरा वाटतोय मला. असं बघू नका, कान शाबूत आहेत माझे. चिठ्ठी मीच वाचून दाखवली ना तुम्हाला — तीन वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, आणि प्रीअँप असा की आवाज फार वाढवायचा नाही, आणि दोघांचाही स्वतःचा आवाज शून्य. शून्याखाली दोन रेघा मारल्यात. असू द्या. चिठ्ठी ह्यांची, पसंती माझी. ते काय भोसरीला येतायत? बायपास होऊन तीन महिने झालेत, तुमचा हा लोखंडी जिना चढले तर डॉक्टर मलाच ओरडतील. म्हणून धाडलं मला. म्हणाले, तुला काही करायचं नाही, रोहिदासला चिठ्ठी दे, तो देईल ते घेऊन ये. तुला काही करायचं नाही — हे मात्र मी बावीस वर्षं ऐकतेय.

हो, बावीस. सिनेमाचं थिएटर पाडलं तेव्हा टेम्पोत घालून आणले ते तिथले कर्णे, माझ्या तुळशीच्या कट्ट्यापेक्षा उंच. हॉलमध्ये सोफा नाही आमच्या, कर्णे आहेत. चाकणला कंपनीत होते तेव्हा दर रविवारी, आणि आता रिटायर झाल्यावरही दर रविवारीच, संध्याकाळी पाचला चौघं जमतात — हे, बबनराव आणि आणखी दोघं — आणि मी आत. तुम्हाला वाटलं असेल बाईला काय कळतंय. अहो, स्वयंपाकघराला दार नाही आमच्या, नुसता पडदा आहे. सगळं पाठ झालंय मला. ह्या जुन्या कर्ण्यांना ताकद लागतच नाही, चमचाभर दिलं तर हॉलभर करून वाढतात. पण जो गुण तोच अवगुण — मागची भुणभुणही तेवढीच मोठी करून सांगतात. आणि प्रीअँप म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीची फोडणी. ती करपली की पुढं भाजी कितीही ताजी घाला, वास जायचा नाही. बरोबर ना? मान हलवलीत म्हणजे बरोबर. मग भुणभुणणारा का मागते — तेच विचारायचंय ना तुम्हाला?

त्यांना बसू दे त्या भुणभुणीत. रोज. सकाळी चहा घेताना, दुपारी पेपर वाचताना. रेकॉर्ड लावली की भुणभुण, काढली की भुणभुण. परत इथला जिना चढून बदलून न्यायची त्यांना सोय नाही, आणि मी म्हणणार, रोहिदासभाऊंनी हाच दिला, मला काय कळतंय. पाप लागेल म्हणता? मी सोळा सोमवार केलेत, वटपौर्णिमा एक चुकवली नाही, चतुर्थीला ह्यांच्या नावानं चंद्र बघितल्याशिवाय घास घेत नाही. एवढं एक पाप देव सांभाळून घेईल. तेवढी आशा आहे मला.

बांगड्यांवरून झालं हो. हसू नका. — ह्या माझ्या बांगड्यांवरून. रेकॉर्ड लागली की मी आत काहीतरी करायचेच, पोहे परतायचे, कप विसळायचे, आणि काच ती, वाजणारच. एकदा बबनराव म्हणाले, वहिनींचा तबला लयीत नाही राव. सगळे हसले. पुढच्या रविवारी हे आत आले आणि म्हणाले, पाचच्या आत त्या काढून ठेवत जा. — काढून. सवाष्णीला. स्वतः नवरा म्हणतोय. तुमच्या मंडळींना सांगून बघा एकदा, घरात घेणार नाहीत तुम्हाला. मी काय केलं? काढल्या. सिंकपाशी उभी राहून साबण लावायचा, अंगठा आत मुडपायचा, एकेक ओढायची, आणि हात रिकामा नको म्हणून हळदीत बुडवलेला दोरा बांधायचा दोन्ही मनगटांना. आठ वाजता परत भरायच्या. किती वर्षं? अहो, सोडा. किती वर्षं ते देवाला माहीत. ह्यांना दोरासुद्धा दिसला नाही कधी. रेकॉर्डवरचा केसाएवढा चरा मात्र ह्यांना दुसऱ्या खोलीतून कळतो.

मग पौषात हे पडले. मंगळवारी सकाळी, दाढी करताना. इस्पितळात काचेच्या दाराबाहेर मी बसले आणि कनेरसरच्या यमाईला बोलले — आई, ह्यांना परत दे, तुझ्या दारात पाच सवाष्णींना चुडे भरीन, आणि माझ्या हातातला चुडा मी जिवंत असेतो खाली ठेवणार नाही. दिलं तिनं परत. चुडे भरून आले मी, हे बघा, माझाही तिथलाच, हिरवा. ह्यांना सांगितलं सगळं, अगदी शब्द न शब्द. हं म्हणाले.

आणि घरी आल्यावर पहिला रविवार. बबनराव डाळिंबं घेऊन आले, ह्यांच्या पाठीला उशी दिली, रेकॉर्ड लावली. मी ह्यांच्या गोळ्या काढत होते आत. पडद्याच्या फटीतून ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि बोललेसुद्धा नाहीत हो — मनगटावर बोट आपटलं. दोनदा. असं.

ज्याच्यासाठी घातला, तोच. — मी हाताला पंचा गुंडाळून बसले तासभर, गोळी द्यायला उशीर झाला. चार दिवसांनी वीज कमी-जास्त होऊन त्यांचा ॲम्प्लिफायर जळाला तेव्हा देवापुढं साखर ठेवली मी, खोटं कशाला सांगू.

काय म्हणालात? माणूस आजारपणात चिडचिडा होतो? होतो ना. पण ह्यांच्यावर एवढी मी का जळते, ते तुम्हाला नाही कळायचं. मी ज्याचा एवढा उपास केला ना, त्याच्याच — म्हणजे ते पडले त्याच्या आधीचा रविवार. घाईत होते मी, पाच वाजून गेलेले, ह्यांनी हॉलमधून हाक मारली, झालं का तुझं. ओढताना एक वाढवली — फुटली म्हणायचं नसतं — आणि इथं कापलं, हा वण. रक्त बेसनाच्या पिठात पडलं. आणि माझ्या मनात आलं, दर रविवारी काढायलाच लावताय ना, तर एकदाच्या काढायची वेळ —

पाणी आहे का तुमच्याकडं.

माठातलंच द्या. — मंगळवारी पडले. मधे एकच दिवस. नाही, ह्यांना माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हालाही मी काही सांगितलेलं नाही. मनात येतं तेही ऐकू येईल असा प्रीअँप केलात, तर त्याची चिठ्ठी आमच्याकडून मात्र यायची नाही. आणि योगायोग म्हणू नका, तो शब्द मी स्वतःला रोज म्हणून बघते. तुम्ही ॲम्प्लिफायरचं बघा.

हं. चालू आहे ना हा? भुणभुणणारा? थांबा, रेकॉर्ड नको. नुसता राहू दे. — मी असा हात हलवते. आता तुम्ही कर्ण्यापाशी या. इथं बसा, हे बसतात तसं. ऐकू येतात बांगड्या? नाही ना. मलाच नीट येत नाहीयेत. ह्या भुणभुणीनं गिळल्या की सगळ्या. म्हणजे मी हा घरी नेला तर बावीस वर्षं ह्यांना जे पाहिजे होतं ते मीच स्वतःच्या हातानं उचलून द्यायचं — माझ्या बांगड्या बंद. वर रिक्षानं. काय बाई मी.

काढा तो. दुसरा जोडा, गप्प असलेला. आणि प्रीअँपही चिठ्ठीतलाच. — लागला? लागलाय का खरंच? बापरे. खाली लेथ चालू आहे ते आता कळलं मला. तुमचा श्वाससुद्धा येतोय. — आता हलवते हां.

हा द्या.

शून्य म्हणाले ना, शून्यच द्या, त्यात वायरभर कमीपणा नको. रविवारी पाचला तुम्ही स्वतः लावून द्यायला या. बबनराव असतील. मी आत असेन, थालीपिठं थापत. दोन हातांनी थापते मी, अकरा-अकरा बांगड्या, बावीसच्या बावीस वाजतात. त्यांना रेकॉर्डच्या दोन सुरांमध्ये जेवढी शांतता पाहिजे तेवढी सगळी माझी. आणि ह्यांनी मनगटावर बोट आपटलं ना, तर तुम्ही आवाज वाढवायला उठायचं नाही. बसून राहायचं. मी थांबणार नाही. — काय? त्यांना त्रास झाला तर?

गोळ्या माझ्याच हातानं देते मी, वेळेवर. तुम्ही त्याची काळजी करू नका, आणि ते मघाचं डोक्यात ठेवू नका. खोकं बांधा. सुतळी घट्ट. चला, शेअर रिक्षा भरली की माझ्यासाठी थांबत नाही ती.