डार्लीन बघते तिथे

(एडमंटनमधला बंदिस्त जलतरण तलाव. उंच खुर्चीत जीवरक्षक डार्लीन. खाली फरशीवर लॅपटॉप घेऊन बसलेला संशोधक टोबायस; बुडणारं माणूस हेरणारं कॅमेऱ्याचं यंत्र तो शिकवून तयार करतोय. पाण्यात अजून कुणी नाही.)

टोबायस : पुन्हा तेच. डावा कोपरा, शिडीजवळचा. एकदाही तिकडे पाहिलं नाही त्याने.

डार्लीन : तुझं यंत्र आहे. पीळ कान त्याचा.

टोबायस : तीन आठवडे तेच करतोय. त्या कोपऱ्यात बाहुली बुडवली, तरी हा पठ्ठ्या उथळ पाण्यातच रमलेला. शुक्रवारी पालिकेची माणसं बघायला येणार.

डार्लीन : मग दुसरीकडे बुडव. मी नाही सांगणार कुणाला.

टोबायस : डार्लीन, थट्टा नको.

डार्लीन : बरं. शिकवलंस तरी काय त्याला?

टोबायस : सगळीकडे एकदम बघायचं नाही, कुठे बघायचं ते निवडायचं. मी तुम्हाला घालायला दिलेल्या त्या चष्म्याने चार महिने तुमची नजर टिपली ना? तुम्ही बघता तिथे त्याने पाहिलं की शाबासकी. नाहीतर काही नाही.

डार्लीन : सव्वीस वर्षं झाली मला. एक पोर गेलेलं नाही.

टोबायस : म्हणून तर तुम्हाला गुरू केलं. मला वाटलं, चष्माच डावीकडचं टिपत नसेल. काल मी घालून बघितला. माझं सगळं टिपलं त्याने.

डार्लीन : मग?

टोबायस : रागावू नका. तिकडे बघायचं नाही अशी काही युक्ती आहे का तुमची? शिडी आहे, पोरं धरतील तिला, असं काही?

डार्लीन : हो. युक्तीच. लिही तसं.

टोबायस : लिहू?

डार्लीन : ... नको. थांब जरा. वर्षभर माझा डावा खांदा दाराला आपटतोय. नवरा म्हणतो, धांदरट झालीस. मीही हसते.

टोबायस : डोळे तपासले?

डार्लीन : दरवर्षी तक्ता वाचून घेतात. समोरचं अक्षर न अक्षर वाचते मी. बाजूचं कुणी विचारतच नाही.

टोबायस : पोरं आली, डार्लीन. रांगेत उभी आहेत.

डार्लीन : ऐकू येतंय. तुझा पठ्ठ्या नीट शिकलाय रे. त्याला बोल लावू नकोस.

टोबायस : आजच्या दिवस मी त्या कोपऱ्यापाशी उभा राहतो. तुमचं तुम्ही नंतर सांगा.

डार्लीन : तुला पोहता येतं?

टोबायस : नाही.

डार्लीन : मग ऑफिसात जा. म्हणावं, इथे दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत एकही पोर पाण्यात उतरायचं नाही.

टोबायस : का म्हणून विचारलं तर?

डार्लीन : ते मी येऊन सांगते. तू हो पुढे. मला इथून उतरायला हल्ली जरा वेळ लागतो.